शिक्क्याखालची तारीख

१

सोमवारी सकाळी साडेनऊला मिस्त्रीच्या कारखान्यातून अशी काही आरोळी उठली, की समोरच्या दुकानदाराला वाटलं, गेला कुणाचा तरी हात करवतीत. तो बिचारा हातातलं सोडून धावत आला. हात-बोटं सगळ्यांची शाबूत होती. गेली होती ती फाइल.

कारखाना म्हणायचा आपला. एक लांबट खोली, मधोमध रंधा मारायचं मशीन, भिंतीला टेकवलेल्या फळ्या, आणि कोपऱ्यात काचेची एवढीशी केबिन. केबिनमध्ये कॉम्प्युटर. भुसा बसू नये म्हणून त्याच्यावर जुन्या चादरीचं पांघरूण. कॉम्प्युटर म्हातारा आणि त्याचं पोट कधीच भरलेलं, म्हणून सगळी ड्रॉइंगं शेजारच्या काळ्या डिस्कवर राहायची. ही डिस्क तळहाताएवढी, पण कारखान्याची सगळी अक्कल तिच्यात.

"गेलं! चौदाच्या चौदा ड्रॉइंगं गेली!" मिस्त्री डोकं धरून बसला होता.

मावशी मागच्या दाराने चहाचा कप घेऊनच आत आली. मावशी म्हणजे मिस्त्रीच्या आईची धाकटी बहीण. पोस्टात एकतीस वर्षं शिक्के मारले, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि रिटायर झाली तेव्हा भाच्याने हक्काने घरी आणून ठेवली. तिला कारखान्यात काही काम नव्हतं, त्यामुळे लक्ष सगळीकडे होतं.

"आधी श्वास घे," ती म्हणाली. "कसली ड्रॉइंगं?"

"मोठ्या वाचनालयाची गं! मुलांच्या खोलीचं फर्निचर. बुटकी कपाटं, गोल बाकं, सगळं. परवा बुधवारी बाराच्या आत द्यायचंय. एवढं मोठं काम आपल्याला कधी मिळालं नाही, मावशी. आणि बारा दिवसांची मेहनत एका रविवारात गायब!"

"शनिवारी शेवटचा हात कुणाचा?"

मिस्त्रीने केबिनच्या दाराकडे पाहिलं. तिथे नवी उभी होती.

नवी म्हणजे ड्रॉइंग काढणारी मुलगी. सहा वर्षांपूर्वी कामाला लागली तेव्हा जो तो विचारायचा, "ती नवी कुठंय?" ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तिच्यानंतर तीन सुतार आले नि गेले, तरी नवी हीच.

"मी सेव्ह करून गेले होते, दादा," ती हळूच म्हणाली. "दोनदा बघितलं होतं."

"मग काय पाय फुटले फाइलला?" मिस्त्री उखडला. "संध्याकाळपर्यंत सापडली तर सापडली. नाही तर उद्यापासून यायचं नाही. कळलं?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! बोलून झाल्यावर त्यालाच कसंतरी झालं, पण शब्द तोंडातून सुटला होता. नवीने मान खाली घातली. मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस, दिवसातून तीनदा थेंब घालायला घरातलं कुणी नाही, ही पोरगी आली होती.

"संध्याकाळपर्यंत ना?" मावशीने कप खाली ठेवला. "मग मला एक स्टूल द्या."

२

पोस्टातला एक जुना धडा मावशीच्या हाडात मुरलेला होता. एकच पत्र हरवलं तर माणूस शोधायचा, अख्खी थैली हरवली तर रस्ता शोधायचा. म्हणून कुणी नेलं हे ती विचारतच नसे. आधी विचारायची, आणखी काय गेलं?

पण त्याआधी सूनबाई. मिस्त्रीची बायको, घरून लॅपटॉप घेऊन धावत आलेली. कारखान्याची पत्रं, दरपत्रकं ती घरी बसून तिच्या लॅपटॉपवर लिहायची. भुशाने तिला अशा शिंका यायच्या, की केबिनमधल्या कॉम्प्युटरला तिने आयुष्यात बोट लावलं नव्हतं.

"मावशी, माझंच चुकलं असणार," ती डोळे पुसत म्हणाली. "दर शनिवारी मी डिस्क घरी नेते, लॅपटॉपवर तिची नक्कल काढते आणि सोमवारी आणून लावते. कधी म्हणून काही बिघडलं नाही. या रविवारी जरा वेळ होता, म्हणून डिस्कवरचा माळाही आवरला. पाच वर्षांहून जुनं सगळं बाजूला काढून, वर्षावर्षाचे गठ्ठे बांधून लॅपटॉपात ठेवून दिले. मग जुनी नक्कल पुसून ताजी काढली. पण आत्ता बघते तर नकलेतही वाचनालय नाही!"

"नाव घालून शोधलंस?"

"शोधलं की. नाही म्हणतो."

"तू रडू नकोस. तुझ्या रडण्याने फाइल वर येणार असती, तर सकाळीच आली असती," मावशी म्हणाली आणि टेबलावरचा कागद उचलून चष्म्याखाली धरला. वाचनालयाचा फॉर्म होता. खाली दोन रकाने होते. एकात लिहून द्यायचं होतं, की ड्रॉइंगसाठी वापरलेलं सॉफ्टवेअर रीतसर परवान्याचं आहे. दुसऱ्यात ड्रॉइंग काढणाऱ्याचं पूर्ण नाव. पहिल्या रकान्यापुढे शाईचं एक टिंब होतं, कुणीतरी पेन टेकवून पुन्हा उचलल्यासारखं. मावशीने कागद होता तिथे ठेवला.

"नवे, इकडे ये. डिस्क उघड. वाचनालय सोडून आणखी काय नाहीये ते सांग."

नवीने बघायला सुरुवात केली आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"मागच्या महिन्यातलं स्टूल नाही. दवाखान्याची बाकं नाहीत. शाळेचा फळा... तोही नाही. मावशी, इथे काहीच नाही! वहिनींची पत्रं आहेत, दरपत्रकं आहेत. ड्रॉइंग एकही नाही."

"स्टूल?" मावशीने आपल्या बुडाखालच्या स्टुलावर थाप मारली. "हे?"

"हेच."

"आता मला सांगा, चोर वाचनालयाचं काम नेईल, एक वेळ समजू शकते. पण माझ्या स्टुलाचं ड्रॉइंग नेऊन तो काय त्याची आरती करणार आहे?"

सूनबाईला अशा वेळीही हसू आलं. नवी मात्र हसली नाही. ती पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे टक लावून बघत होती. मग तिने झटकन मिस्त्रीकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिस्त्रीने नजर चुकवल्यावर पुन्हा मिटलं.

या दोघांना काहीतरी ठाऊक आहे आणि दोघं ते माझ्यापासून लपवतायत, हे मावशीच्या लक्षात आलं. ती विचारणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"मला विचाराल तर चोर घरातच आहे."

३

दारात पेनड्राइव्ह उभा होता. हे त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे हो. आसपासच्या सगळ्या दुकानांचे कॉम्प्युटर तो दुरुस्त करायचा, आणि गळ्यात कायम एक पेनड्राइव्ह लटकवलेला. कुठलंही सॉफ्टवेअर मागा, हजारोंचं असो, त्या पेनड्राइव्हमधून फुकटात उतरायचं. फुकट ते पौष्टिक, असं मानणारी गिऱ्हाइकं त्याला ढिगाने होती, आणि मिस्त्री त्यांतला पहिला. तसा पोरगा मनाने वाईट नव्हता. कुणाला नाही म्हणता येत नाही, एवढाच काय तो रोग.

त्याने डिस्क तपासली, इकडेतिकडे टिचक्या मारल्या. "डिस्क ठणठणीत आहे. व्हायरस नाही, काही नाही. म्हणजे कुणीतरी हाताने उचलून नेलंय." मग जरा अडखळत, मिस्त्रीकडे बघत म्हणाला, "दादा, मला बोलायचं नव्हतं. पण ही रोज दुपारी दोन ते तीन कुठे जाते, विचारलंत कधी? डबा तर इथेच खाते. आणि हिच्या पर्समध्ये एक पेनड्राइव्ह असतो. मी स्वतः बघितलाय."

सगळे नवीकडे वळले.

"खरं आहे?" मिस्त्रीने विचारलं.

नवीने पर्स उघडली, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेला छोटा निळा पेनड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला.

सूनबाईने तो आपल्या लॅपटॉपला लावला. पडद्यावर नऊ फाइली दिसल्या. पहिली उघडली. मुलांचं बुटकं कपाट. दुसरी, गोल बाक. तिसरी, खिडकीखालची बैठक. नऊच्या नऊ वाचनालयाची.

"अगं, काय केलंस हे?" सूनबाईच्या तोंडून निघून गेलं.

मिस्त्रीचा चेहरा उतरला. रागावला असता तर बरं, पण त्याला खरोखर दुःख झालं होतं. "सहा वर्षं," तो म्हणाला. "सहा वर्षं मी तुला घरच्यासारखं... मागायचं होतंस गं. जास्त पगार मागायचा होतास. चोरी कशाला?"

"मी चोरी नाही केली, दादा."

"मग हे काय आहे? आणि दुपारची कुठे जातेस?"

नवीच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण ओठ घट्ट मिटलेले.

"पर्स उचल आणि नीघ," मिस्त्री म्हणाला.

"थांब," मावशी म्हणाली. "माझी संध्याकाळ अजून व्हायचीय."

४

तिने मिस्त्रीला, पेनड्राइव्हला आणि सूनबाईला चहाला पिटाळलं. नवीला केबिनमध्ये बसवून तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि काही विचारलं नाही. विचारून काय उपयोग? पोरगी वचनाला बांधलेली दिसत होती, आणि अशा माणसाकडून वचन मोडवून घेणं मावशीला पटत नसे.

मग लॅपटॉपपुढे बसून ती त्या नऊ फाइलींची यादी बघत राहिली. ड्रॉइंगमधलं तिला ओ का ठो कळत नव्हतं. पण प्रत्येक नावापुढे तारीख होती, वेळ होती, आणि ते मात्र तिला कळत होतं. एकतीस वर्षं सकाळी पोस्टात गेलं, की पहिलं काम एकच, शिक्क्यातली तारीख बदलायची. चहा नंतर, गप्पा नंतर. एका दिवशी जरी तारीख बदलायची राहिली, तर त्या दिवसाची सगळी पत्रं खोटी.

गेल्या सोमवारी दोन वाजून पन्नास. मंगळवारी पावणेतीन. बुधवारी दोन पंचावन्न. मावशीने "हं" केलं.

ती उठून कारखान्यात फिरू लागली. भिंतीवर खिळ्यांना ड्रॉइंगं टांगलेली होती, झालेल्या कामांची. प्रत्येकावर खाली उजव्या कोपऱ्यात मिस्त्रीचा गोल निळा शिक्का, आत करवतीचं चित्र. मावशी पहिल्या कागदापुढे थांबली. दुसऱ्यापुढे थांबली. सगळे शिक्के एकाच जागी, शेजारी कोरी जागा असूनही कसल्याशा छापील ओळीवर, आणि सगळे डबल शाईने, ठासून मारलेले.

हे काही बरोबर नव्हतं. शिक्का मारणाऱ्याला जागेची अक्कल असते. दुकानाचा शिक्का मारायचा तर माणूस मोकळी जागा बघतो, म्हणजे तो नीट उठतो. छापलेल्याच्या उरावर पोस्टात शिक्का मारतात तो फक्त तिकिटावर, कारण तिकीट बाद करायचं असतं. मग माझ्या भाच्याला इथे काय बाद करायचं होतं?

तिने एक कागद खिळ्यावरून काढला आणि खिडकीच्या उजेडात उलटा धरला. नव्या डोळ्याची खरी परीक्षा आज होती. शाईमागे बारीक छापील आकडे होते. तीन तारीख. महिना. आणि वर्ष... सहा वर्षांपूर्वीचं.

असेल, जुनं काम असेल. तिने दुसरा कागद काढला. दवाखान्याची बाकं. ही तर गेल्या वर्षी बनली, तिने स्वतः पॉलिशचा हात मारला होता. शिक्क्याखाली तीच तीन तारीख, तोच महिना, तेच सहा वर्षांपूर्वीचं साल.

मग तिने स्टुलाचा कागद शोधला. मागच्या महिन्यात बनलेलं स्टूल. उजेडात धरला आणि ती स्वतःशीच हसली. "अगं बाई! माझं स्टूल माझ्या रिटायरमेंटच्याही आधीचं निघालं."

ती तरातरा केबिनकडे आली. मंडळी चहा पिऊन परतली होती.

"मिस्त्री," मावशी म्हणाली, "दार लाव आणि खरं सांग. तुझ्या कॉम्प्युटरच्या लेखी आज तारीख काय आहे?"

५

मिस्त्री पांढराफटक पडला. पेनड्राइव्ह एकदम आपल्या चपलेकडे बघायला लागला.

"तीन," मिस्त्री शेवटी पुटपुटला. "रोज तीनच असते."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता काही अर्थ नव्हता. त्याने सगळं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी पेनड्राइव्हने हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर घालून दिलं. ते एक महिना वापरून बघायला मिळायचं, पुढे पैसे भरायचे. पण कॉम्प्युटरचीच तारीख मागे नेली, तर त्याला वाटायचं महिना अजून संपलेलाच नाही. म्हणून रोज सकाळी मिस्त्री कॉम्प्युटर लावायचा आणि सगळ्यात आधी तारीख तीनवर न्यायचा. ज्या दिवशी ते घातलं, तीच तारीख.

"आणि छापल्यावर कोपऱ्यात ती जुनी तारीख उमटते," मावशी म्हणाली, "गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून तू वरून शिक्का ठोकतोस."

"हो."

"आणि या पोरीला सांगितलंस, कुणाला बोलायचं नाही."

"हो गं."

"मी एकतीस वर्षं रोज तारीख पुढे नेली, आणि माझा भाचा सहा वर्षं रोज मागे नेतोय. छान! आता ऐका. फाइल कुणीही चोरलेली नाही. तुम्ही प्रत्येकजण एकेक गोष्ट पोटात ठेवून बसलात, आणि त्यातच ती फाइल हरवली."

तिने सूनबाईकडे वळून विचारलं, "काल लॅपटॉपाला काय सांगितलंस? डिस्कवरचं जे जे पाच वर्षांहून जुनं, ते काढ आणि गठ्ठा बांध. बरोबर? तुझ्या लॅपटॉपातली तारीख खरी. त्याने डिस्क बघितली. वाचनालयाची फाइल शनिवारी संध्याकाळी झाली, पण तिच्यावर तारीख कुठली? या कॉम्प्युटरने मारलेली. सहा वर्षांपूर्वीची. लॅपटॉप म्हणाला, ही तर जुनीपुराणी, घाल गठ्ठ्यात. तिच्यासोबत स्टूलही गेलं, बाकंही गेली. तुझी पत्रं तेवढी वाचली, कारण ती तू लॅपटॉपवर लिहिलीस, त्यांच्यावर खऱ्या तारखा."

"पण मी नाव घालून शोधलं होतं ना!"

"बांधलेल्या गठ्ठ्यात नाव दिसतं का?"

"नाही," पेनड्राइव्ह बारीक आवाजात म्हणाला. "गठ्ठा सोडल्याशिवाय आतलं दिसत नाही."

सूनबाईने सहा वर्षांपूर्वीचा गठ्ठा उघडला. भराभर नावं उलगडत गेली. स्टूल, बाकं, शाळेचा फळा, आणि सगळ्यांत शेवटी वाचनालय. चौदाच्या चौदा. मिस्त्रीने खुर्चीवर अंग टाकलं आणि "आई गं" म्हणून डोळे मिटले.

"इतक्यात निजू नकोस," मावशी म्हणाली. "या पोरीचा हिशेब राहिलाय. तिच्या पेनड्राइव्हवरच्या नऊ फाइली चोरीच्या असत्या, इथून उचललेल्या असत्या, तर त्यांच्यावर तारीख कुठली असती?"

मिस्त्रीने डोळे उघडले. "तीन," तो म्हणाला. मग सावरून बसला. "सहा वर्षांपूर्वीची तीन."

"आणि आहे गेल्या आठवड्यातली. खरी. रोज दुपारी दोन ते तीनमधली. म्हणजे त्या या कॉम्प्युटरवर झालेल्याच नाहीत. दुसरीकडे कुठेतरी बसून तिने पुन्हा काढल्या. नवे, आता तू सांग. तुझं वचन तारखेपुरतं होतं, ती गोष्ट आता फुटली."

"वाचनालयात," नवी म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू फुटलं. "तिथले कॉम्प्युटर कुणालाही वापरता येतात. त्यांवर ड्रॉइंगचं एक सॉफ्टवेअर आहे, कायद्याने मोफत. बनवणाऱ्यांनीच सगळ्यांना वापरायला दिलंय, धंद्यालासुद्धा चालतं. दादांनी फॉर्म आणला तेव्हा त्यात ती ओळ वाचली मी. म्हटलं, दादा खोटी सही करणार आणि उद्या कुणी तपासलं तर काम जाईल, नाव जाईल. म्हणून दुपारी जाऊन शिकले आणि एकेक ड्रॉइंग त्याच्यात काढत गेले. चौदा झाली की दादांपुढे ठेवणार होते."

"मला आधी का नाही सांगितलंस?" मिस्त्रीने विचारलं.

"सांगितलं होतं, दादा. पहिल्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, तू नवी आहेस, डोकं चालवू नकोस."

मिस्त्री चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाला होता आणि चोर तर तो स्वतः. त्याने उठून सगळ्यांदेखत नवीपुढे हात जोडले. "चुकलो. फार चुकलो गं. तू जायचं नाहीस."

नवीने घाईघाईने त्याचे हात खाली केले. "असं नका करू, दादा. कसंतरी होतं."

"मीही चुकलो," पेनड्राइव्ह म्हणाला. "पण तेव्हा तेच परवडत होतं हो सगळ्यांना."

"मोफतचं तर त्याहून परवडतं," नवी नाक पुसत म्हणाली. "आणि एखाद्या कामाला ते पुरलं नाही, तर महिन्याच्या भाड्याने मिळतात, लागतील तेवढेच महिने घ्यायचे. नाहीतर एकदाच पैसे भरून घ्यायची साधी, स्वस्त सॉफ्टवेअर आहेत. फक्त विद्यार्थ्यांसाठीचं फुकट असतं, ते धंद्यात वापरायचं नाही. मी सगळं वाचून ठेवलंय."

मावशीने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजायचे होते. म्हणजे संध्याकाळ व्हायच्या आत आटपलं होतं, आणि यावर ती मनातून भलतीच खूश झाली.

६

मंगळवारी कारखान्यात रंधा लागलाच नाही. पेनड्राइव्ह सकाळी आठला हजर. गळ्यातला पेनड्राइव्ह काढून खिशात टाकलेला, हातात फक्त वही. केबिनमधलं जुनं सॉफ्टवेअर त्याने स्वतःच्या हाताने काढलं आणि नवीला विचारून विचारून मोफतचं घातलं. "मला शिकवाल का हे?" त्याने तिला अहोजाहो केलं, तेव्हा मावशीला खोकल्याचं नाटक करावं लागलं. एक दिवस आधी 'ही' नि 'हिच्या' करत होता लेकाचा!

नऊ ड्रॉइंगं तयार होती, पाच उरली होती. मापं आपल्याच हातांनी घेतलेली होती, पण ती फक्त गठ्ठ्यातून सापडलेल्या फाइलीत. म्हणून सूनबाईने मापं वाचायची, नवीने काढायचं, मिस्त्रीने लाकडाच्या जाडीवरून वाद घालायचा, असं दिवसभर चाललं. सूनबाईने तर तोंडाला ओढणी बांधून केबिनमध्ये ठाण मांडलं आणि एकवीस शिंका दिल्या. त्या मावशीने मोजल्या. दिवेलागणीला चौदावं ड्रॉइंग पुरं झालं.

बुधवारी सकाळी मिस्त्रीने कॉम्प्युटर लावला आणि सवयीने त्याचं बोट तारखेकडे गेलं. सहा वर्षांची सवय ती, अशी थोडीच जाते? बोट तिथेच थबकलं. कोपऱ्यात बुधवार होता. आजचा, चालू महिन्यातला, चालू वर्षातला. त्याने हात मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसता बघत बसला.

"काय रे, काय झालं?" मावशीने विचारलं.

"मावशी, एक लक्षात येतंय का तुझ्या?" तो म्हणाला. "ते जुनं सॉफ्टवेअर घातलं ना, ते नवी कामाला लागली त्याच आठवड्यात. तीन तारखेला. म्हणजे या कॉम्प्युटरच्या लेखी तिने सहा वर्षांत जे जे काढलं, ते सगळं पहिल्याच महिन्यातलं."

"कॉम्प्युटरच्याच लेखी का रे?" मावशी म्हणाली.

मिस्त्रीला ते लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. पण मग मावशीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, कारण शेवटी भाचा तिचाच, आणि पोरगा चुकला तरी लबाड नव्हता. फुकटचं सोडायला एवढी भीती वाटणारा माणूस आतून कधीतरी फार ओढगस्तीतून गेलेला असतो, हे तिला ठाऊक होतं.

चौदा कागद छापून झाले. मिस्त्रीने फॉर्म पुढे ओढला. पहिल्या रकान्यात, त्या शाईच्या टिंबावरच, त्याने सही केली. या वेळी पेन अडलं नाही. मग दुसरा रकाना आला, ड्रॉइंग काढणाऱ्याचं पूर्ण नाव. आजवर असल्या जागी तो स्वतःचंच नाव टाकायचा आणि त्याला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं.

"इकडे या," तो म्हणाला.

नवीने मागे वळून पाहिलं, की आणखी कुणी आलंय का.

"तुम्हालाच म्हणतोय. बसा." त्याने तिच्यासाठी स्वतःची खुर्ची सरकवली, पेन तिच्या हातात दिलं आणि बोट ठेवून जागा दाखवली. "इथे तुमचं नाव लिहा. पूर्ण. आडनावासकट. आणि चौदाही कागदांवर लिहा."

नवीने एकदा सूनबाईकडे, एकदा मावशीकडे पाहिलं. सूनबाई रडत होती, पण ती काय, शिंकतानाही रडते. मग नवीने वाकून, सावकाश, शाळेतल्यासारखं वळणदार अक्षर काढत नाव लिहिलं. पंधरा वेळा. एकदाही घाई केली नाही.

शेवटचा कागद लिहून होताच मिस्त्रीने सवयीने शिक्का उचलला. कागदाच्या उजव्या कोपऱ्यावर नेला. तिथे आता आजची तारीख छापलेली होती आणि तिच्याशेजारी ते नाव, शाई अजून ओली. हात हवेतच थांबला.

"मावशी, कुठे मारू?"

"मोकळ्या जागी," मावशी म्हणाली. "दुसऱ्याच्या नावावर कधी मारू नये."

त्याने चौदाही कागदांवर डाव्या बाजूला, कोऱ्या जागी, हलकासा शिक्का मारला. करवतीचा एकेक दात स्वच्छ उठला. मग कागदांची गुंडाळी करून त्याने ती तिच्याच हातात दिली, वाचनालयात जाऊन देण्यासाठी, आणि तिच्या नावाने, पुढे ताई लावून, तिला हाक मारली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

ती दारापर्यंत गेली, थांबली आणि म्हणाली, "दादा, दुपारी तीनपर्यंत येते हं."

"अहो, सावकाश या," मिस्त्री म्हणाला. "आता कुठे जाता, ते माहितेय आम्हाला."